सुरुंगाआधी भिंती बघा

मुरगूड

प्रिय मित्रा,

परवा फोनवर भलताच तापलास. "मस्कतला डोंगरच्या डोंगर फोडून रस्ते केले, कुणी हूं का चूं केलं नाही, आणि आपल्या माळावर दादानं खडीची खाण द्यायची म्हटलं की अख्खी वाडी त्याच्या दारात!" फोनवर तुझ्यापुढं कुणाची डाळ शिजत नाही, म्हणून पत्र. निवांत वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. दगड नको असं इथं कुणीच म्हणत नाही. कागल-सातारा रस्ता सहापदरी होतोय, गावोगावी कौलं उतरवून स्लॅब पडतायत, ती खडी काय आभाळातून येणार? तुझ्या दादांच्या अंगणात जो सगळ्यात मोठ्या आवाजात बोलत होता, त्यानं स्वतः नुकताच दुमजली बंगला बांधलाय. मला हसू आलं, पण त्याचा प्रश्न खरा होता: "सुरुंग उडाला आणि माझी भिंत चिरली, तर भरून कोण देणार?"

तुमच्या माळाखालच्या बऱ्याच घरांच्या भिंती अजून दगडमातीच्या आहेत, हे तू विसरलास. सुरुंगाचा हादरा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो, घर किती लांब आणि एका वेळी किती दारू पेटवली. खाण सुरक्षा महासंचालनालयानं त्याची मर्यादा घालून दिली आहे. खाणमालकाचं नसलेलं साधं घर असेल आणि हादरा ८ हर्ट्झच्या खालचा असेल, तर जमीन सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगानं हलता कामा नये. हे मोजायचं यंत्र असतं, भाड्यानंही मिळतं. पण आज भिंतींचे फोटो काढून ठेवले नाहीत, तर उद्याची भेग सुरुंगाची की जुनीच, यावर जन्मभर भांडण. मग मालक म्हणणार भेग आधीचीच, शेजारी म्हणणार कालची, आणि मधल्या मध्ये दादा.

अंतराचंही बघ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० साली हरित लवादापुढं सुचवलं होतं, की सुरुंग नसेल तर वस्तीपासून १०० मीटर आणि सुरुंग असेल तर २०० मीटर लांब राहा. तुमच्या माळापासून खालचं पहिलं घर किती लांब आहे, ते आजवर कुणी टेप लावून मोजलंय का? मी विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

धुळीबद्दल लोक जरा जास्त घाबरतात, असं माझं मत. आपल्या काळ्या कातळात मोकळी गारगोटी फारच कमी, त्यामुळं वालुकाश्माच्या खाणीत होतो तसा सिलिकोसिसचा धोका त्या मानानं कमी. पण क्रशर आला, त्यावर पाण्याचे फवारे नसले, पट्टे झाकलेले नसले आणि वाऱ्याच्या बाजूला भिंत नसली, तर उसाच्या पाल्यापासून भाकरीच्या पिठापर्यंत सगळं पांढरं होणार. म्हाताऱ्यांच्या छातीला काळवत्री दगडाची धूळही बरी नाही.

मला खरी काळजी पाण्याची वाटते. आपल्याकडं पाणी मुरमात आणि कातळाच्या भेगांत असतं, वाळूतल्यासारखं सगळीकडं पसरलेलं नसतं. खड्डा त्या थराखाली गेला की आसपासच्या विहिरींचं पाणी तिकडं वळतं आणि मालक पंप लावून ते ओढ्यात सोडतो. पावसाळ्यात उलट. घाट उतरलास की दोडामार्ग तालुक्यात कळणे लागतं. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीत साठलेलं पाणी जुलै २०२१ मध्ये फुटून घरांत आणि शेतात शिरलं. लोखंडाची मोठी खाण कुठं आणि आपली खडीची कुठं, हे मलाही कळतं. पण पाऊस दोन्हीकडं पडतोच.

आणि दगड संपल्यावर खड्ड्याचं काय? टोपची खाण आठवते ना? तिथं कोल्हापूर महापालिकेनं शहराचा कचरा टाकायचं ठरवलं आणि गावकरी कोर्टात गेले. उघडा खड्डा म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांवर येणारी जागा.

आता तू म्हणणार, परवानगी सरकार देतंय, शेजारी कोण? बरोबर. २०१२ च्या दीपक कुमार खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते. पण एवढ्या लहान खाणीला जनसुनावणी सहसा लागत नाही, म्हणून बरेचजण क्षेत्र बरोबर पाच हेक्टरच्या आतच बसवतात. पाचशे मीटरच्या आत दुसरी खाण असली, तर मात्र दोन्हींचं क्षेत्र एकत्र धरतात. दादांचा अर्ज किती आरचा, हे वाडीला माहीत नाही. निम्मा संशय त्यातूनच उठलाय.

आणि तुझ्या फायद्याचं सांगतो. परवान्यापेक्षा जास्त दगड निघाला, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. खाण चालवणारा कुठून कुठं निघून जाईल. बोजा मात्र दादांच्या सातबाऱ्यावर चढू शकतो. त्या सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, लेका.

तेव्हा शेजाऱ्यांवर चिडू नकोस. आज रात्रीच दादांना फोन कर आणि सांग, करारावर सही करायच्या आधी तीन कामं उरकून घ्या: प्रत्येक घराच्या भिंतीचे आणि विहिरीच्या पातळीचे तारखेसह फोटो घ्या, सुरुंगाची वेळ आणि भरपाईची अट करारात लिहून घ्या, आणि अर्जाची नक्कल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. खाणवाला याला कबूल झाला नाही, तर माळ त्याला देऊच नका. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मुरगूडचा दोस्त