माझा पहिला प्रश्न

हे लिहावं का नको, असं दोन वर्षं मनात घोळत होतं. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिहा आबा, पण माझं नाव नका घालू." नाव तर कायद्यानंच घालता येत नाही. म्हणून गाव, साल, नातं, ओळख पटेल असं काही इथं ठेवलं नाही. आबा तर मला सगळी आळीच म्हणते.

पोर तेव्हा नऊ वर्षांची. ज्वारी हुरड्यात आली होती. रात्री जेवताना ती आईच्या कानाशी लागली. आईच्या हातातला घास तसाच राहिला. आमच्या सामाईक विहिरीतला वाटेकरी, ज्याला मी भावासारखं मानायचो, ज्याची आमच्या चुलीपर्यंत उठबस, त्याचं नाव पोरीनं घेतलं होतं.

आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? "तू एकटी गेलीसच कशाला त्याच्या वस्तीवर?"

गोगलगाय शिंगं आत ओढून घेते तशी पोर मिटली. त्या रात्री पुन्हा बोलली नाही.

मी अंगणात बाजेवर तळमळत होतो. घरची येऊन पायाशी बसली. म्हणाली, "मीबी लहानपणी आयेला असंच सांगितलं हुतं. तिनं माझ्या तोंडावर हात ठिवला. त्यो हात अजून निघाला न्हाई." चाळीस वर्षांचा संसार आमचा, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी काय बोलणार?

सकाळी पोर शेळीच्या करडापाशी बसली होती. मी जरा लांब, जमिनीवरच बसलो. म्हणालो, "काल आबा चुकला. तुझी काही चूक नाही. सांगितलंस ते लई चांगलं केलंस." ती करडाचा कान कुरवाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "परत नाही ना विचारणार तसं?" म्हणालो, "नाही."

त्याच दिवशी आम्ही तक्रार दिली. २०१२ साली मुलांसाठी वेगळा कायदा झालाय, त्याला पोक्सो म्हणतात, एवढं मी पेपरात वाचलं होतं. बाकीचं अनुभवानं कळलं. बाई फौजदार घरी आल्या, त्याही साध्या साडीत. पोर आईच्या मांडीला खेटून बसली आणि तिच्याच शब्दांत त्यांनी लिहून घेतलं. तालुक्याच्या दवाखान्यातही तपासणीच्या वेळी आई जवळ होती. कोर्टात लोकांना बाहेर ठेवलं, तो माणूस तिच्या नजरेस पडू दिला नाही. खटल्याचं पुढं काय झालं ते लिहीत नाही, त्यावरून ओळख पटेल.

गाव मात्र गप्प बसलं नाही. भावकीतले चौघं आले. "मिटवून घ्या. उद्या पोरीचं लगीन व्हायचंय." मी म्हणालो, "लग्नाला अजून लई वर्षं आहेत. आज तिला रात्री झोप लागत नाही, त्याचं बोला." ते उठून गेले. आठ दिवसांत त्याच्या घरच्यांनी विहिरीवरची आमची पाण्याची पाळी बंद केली. दीड एकर गहू, ओंबीत दाणा भरायच्या वेळेला उभा वाळला.

एक दिवस पोर बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "आबा, माझ्यामुळं वाळला ना?" छातीत कळ आली. म्हणालो, "नाही बाळा. त्यानं केलं म्हणून वाळला. गहू पुढच्या साली परत येतोय."

बरं होणं म्हणजे ताप उतरल्यासारखं नसतं. ती अंथरूण ओलं करायची, शाळेला नको म्हणायची, दहा-दहा दिवस बरी राहून एकदम रडायची. समुपदेशन करणाऱ्या ताई यायच्या. त्यांनी आम्हालाच शिकवलं: खोदून विचारू नका, ती बोलेल तेव्हा हातातलं काम ठेवून ऐका. शाळा, खेळ, अभ्यास रोजच्यासारखं चालू द्या. तिला विचारल्याशिवाय जवळ घेऊ नका. हे शेवटचं मला जड गेलं. आमच्याकडं पोरांना उचलून मुका घेताना कोण विचारतं? पण विचारायला लागलो. ती कधी "नको" म्हणायची. त्या "नको"ला घरात मान मिळाला, तसतसा तिचा आवाज परत आला.

आजी वर्षभर तिच्या शेजारी झोपली. दोघी अंधारात काय बोलायच्या ते मी विचारलं नाही. पण घरचीचाही चेहरा त्या वर्षात जरा मोकळा झाला.

कुणाच्या घरात पोर असं काही सांगेल, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करा. कळूनसवरून गप्प बसणं हाही कायद्यानं गुन्हा आहे. आणि पहिला प्रश्न माझ्यासारखा विचारू नका. मी माफी मागितली, पण तो प्रश्न तिला आठवतो, हे मला माहीत आहे.

एकदा ती म्हणाली होती, "आबा, मागून एकदम येत नका जाऊ." तेव्हापासून रानातून आलो की मी दारात खाकरतो. आतून आवाज येतो, "या आबा." मग मी आत जातो.