स्टुटगार्ट ते नारायण पेठ

आमच्या कंपनीचं हेड ऑफिस स्टुटगार्टला. वर्षातून दोन-तीनदा तिकडचे पाहुणे येतात आणि शनिवारी त्यांना ‘पुणं दाखवायची’ ड्युटी माझ्याकडे, कारण ऑफिसात पेठेतली मी एकटीच. शनिवारवाडा, लाल महाल, मग थाळी. पॅकेज ठरलेलं. गेल्या महिन्यात आलेल्या कलीगनं मात्र रस्त्यातला तिरंगा बघून विचारलं, या रंगांचा अर्थ काय? मी शाळेतलं उत्तर घडाघडा म्हटलं. केशरी त्याग, पांढरा शांती, हिरवा समृद्धी. ‘हे कोणी ठरवलं?’ घ्या! आता काय सांगणार?

तेव्हा केसरीवाडा आठवला. बडोद्याच्या गायकवाडांचा हा वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. गणपतीत मी दरवर्षी तिथं जाते, पण आतलं म्युझियम नीट पाहिलं नव्हतं. (पुणेकर आहे, चालायचंच.) टिळकांचं टेबल, पत्रं बघत पुढे गेलो आणि एका जुन्या झेंड्यापाशी थांबलो. खरं सांगते, मी तो ओळखलाच नाही. हिरवा पट्टा चक्क वर, त्यावर ओळीनं आठ कमळं, ब्रिटिश हिंदुस्थानच्या आठ प्रांतांची. मधे केशरी पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’. खाली लाल, त्यावर चंद्रकोर आणि सूर्य.

हा मादाम कामांचा झेंडा. भिकाजी कामा मुंबईच्या पारशी घरातल्या. १८९६ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला. त्यातून वाचल्या आणि १९०२ मध्ये लंडनला गेल्या. २२ ऑगस्ट १९०७ ला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हा झेंडा फडकवला. कुठे? स्टुटगार्टला, लीडरहालेमध्ये!

माझा पाहुणा उडालाच. ‘तिथं तर मी कॉन्सर्टला जातो!’ जुनी इमारत दुसऱ्या महायुद्धात गेली, आताचा हॉल नंतरचा, पण नाव तेच. त्याच्या गावातली गोष्ट त्याला माझ्या गावात कळली. आणि मला? मलाही त्याच दिवशी. इंग्रजांनी मादामना कित्येक वर्षं मायदेशी येऊ दिलं नाही. १९३५ मध्ये त्या परतल्या, पुढच्याच ऑगस्टमध्ये गेल्या. त्यांचा झेंडा इंदुलाल याज्ञिकांनी लपवूनछपवून भारतात आणला.

मग पाहुण्याचा प्रश्न पुन्हा आला, हिरवा खाली कधी गेला? एका फटक्यात नाही गेला. या वाड्याचे मालक टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीनं १९१७ मध्ये वेगळाच झेंडा घेतला होता. पाच लाल पट्टे, चार हिरवे, सप्तर्षींचे तारे आणि कोपऱ्यात चक्क युनियन जॅक! आज तो अंगावर येतो, पण तेव्हा मागणी साम्राज्यातल्या स्वराज्याची होती. १९२१ मध्ये पिंगली वेंकय्यांनी बेझवाड्याला गांधीजींना आपलं डिझाइन दाखवलं. केशरी-पांढरा-हिरवा आणि मधे चरखा हे काँग्रेसनं १९३१ मध्ये ठरवलं आणि रंग कुठल्या धर्माचे नाहीत असं मुद्दाम बजावलं. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं चरख्याऐवजी चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र घेतलं. त्यागाचा केशरी तिथं राधाकृष्णन यांनी समजावला. हिरवा मात्र त्यांच्या लेखी मातीशी, झाडापानांशी असलेल्या नात्याचा. म्हणजे माझं पाठांतरही अर्धंमुर्धंच.

वाड्याबाहेर आम्ही चहा घेतला. पाहुणा म्हणाला, आमच्याकडे झेंड्याबद्दल बोलताना माणसं जरा जपून बोलतात, तुमच्याकडे भांडतात का? म्हटलं, भांडतात की! चाळीस वर्षं भांडूनच तर हा ठरला.

सोमवारी ऑफिसला येताना त्यानं रस्त्याची पाटी वाचली. सेनापती बापट रोड. ‘हे कोण?’ सहा वर्षं मी या रस्त्यावर ट्रॅफिकला शिव्या देतेय, पण या वेळी उत्तर तयार होतं. मादाम कामांच्या त्याच दिवसांत पॅरिसमध्ये बॉम्ब बनवायला शिकलेला माणूस. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवला तोही त्यांनीच.