बेडी, बिल्ला, खत

इनामगाव, तालुका शिरूर. घोड नदीचा काठ, पलीकडे श्रीगोंद्याची हद्द. चिंचणीच्या धरणाचं पाणी आलं आणि शिवारात ऊस उभा राहिला. या टापूतून नाहीशा झालेल्या, किंवा नाहीशा होत चाललेल्या, काही गोष्टी. बहुतेकांचा संबंध काळ्या पाण्याशी आहे. काहींचा थेट, काहींचा वळसा घेऊन.

खत. मे 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची दुकानं फोडली. लोण भीमथडी, शिरूर, इंदापूर आणि नगरकडे पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत गेलं. माणसाच्या जिवापेक्षा कागदाच्या जिवावर लोक उठले होते. खत, म्हणजे कर्जाचा कागद, हाती लागलं की जाळायचं, सावकाराने निमूट दिलं तर बहुतेक ठिकाणी त्याला हातही लावायचा नाही. खताच्या खालच्या बाजूला कुणब्याची सही म्हणून काढलेला छोटासा नांगर, शेजारी लिहिणाऱ्याने लिहिलेलं 'निशाणी नांगर'. ज्या वस्तूवर पोट चालायचं तिचंच चित्र काढून माणूस ती गहाण टाकत होता. आता कर्ज सोसायटीचं असतं, बोजा सातबाऱ्यावर चढतो, आंगठा मशीन घेतं. नांगरही ट्रॅक्टरचा.

भीमथडी. दौंड तालुक्याचं जुनं नाव. इथली तट्टं मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. आता हे नाव पुण्यात भरणाऱ्या एका जत्रेपुरतं ऐकू येतं.

राखण. गावची रात्र रामोशाच्या भरवशावर झोपायची. खळ्यावर त्याचा धान्याचा हक्क असे. चोरी झाली तर माग काढायचा, नाही निघाला तर भरपाईही त्याच्याकडून. इंग्रजी पोलीस आले, हक्क आटले, आणि 1876-77 च्या दुष्काळात खळंच राहिलं नाही. रात्र ओळखणारी, वाटा ठाऊक असलेली आणि पोटाला काही नसलेली माणसं गावोगाव मोकळी झाली. त्यांच्याकडे एक कारकून आला.

चारशे रुपये. वासुदेव बळवंत फडके, पनवेलजवळच्या शिरढोणचे, पुण्यात लष्कराच्या हिशेबी खात्यात नोकरीला. फेब्रुवारी 1879 मध्ये लोणीजवळ त्यांनी माणसं जमवली आणि पहिली धाड घातली ती याच शिरूर तालुक्यात, धामारीवर. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी सरकारी कराचा पैसा ठेवलेला होता असं सांगतात. हाती आले चारेकशे रुपये. राज्य उलथवायला निघालेल्या माणसाची ही पहिली कमाई. फडक्यांच्या चरित्रांत ही रक्कम घाईने ओलांडली जाते. मला ती फार बोलकी वाटते. हयात हिशेबात गेलेल्या माणसाला तेव्हाच कळलं असणार की लुटायला निघालो त्या मुलखात लुटण्याजोगं काही उरलेलंच नाही. नाणी कुठे गेली हा प्रश्नच नको, दुष्काळात नाणी पोटात जातात.

एडन. जुलै 1879 मध्ये देवर नावडगी इथे फडके तापाने फणफणलेले असताना इंग्रज अधिकारी मेजर डॅनियलच्या हाती सापडले. पुण्यात खटला चालला, वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतलं, शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची. पण त्यांना अंदमानला नाही, एडनला नेलं, जानेवारी 1880 मध्ये. एडन तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होतं. म्हणजे समुद्र ओलांडूनही कागदोपत्री माणूस इलाख्यातल्या इलाख्यातच. शिरूरही मुंबईच्या हुकमातलं, एडनही. सरकारचे कागद कधी कधी असे विनोदी होतात.

दार. एडनच्या तुरुंगातून फडके पळाले ते दार बिजागऱ्यांतून उपसून काढून. फार लांब जाता आलं नाही. मुलूख ओळखीचा नाही, भाषा येत नाही, वाट दाखवायला रामोशी नाही. पुन्हा धरले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथेच वारले, वय 37.

बेडी. पायात कडं घालून लोहार ते ठोकून बंद करी, त्यामुळे किल्लीचा प्रश्न नसे. अंदमानात तिचे प्रकार होते. दंडाबेडीत दोन पायांमध्ये लोखंडी दांडा, पाय जवळ आणता येत नाहीत, झोपतानाही. खड्या हातकडीत हात डोक्याच्या वर भिंतीला अडकवलेले, दिवसभर उभं. या बेड्या आता काचेच्या कपाटात आहेत. पण घोटा आणि शिक्षा यांचं नातं इनामगावात त्याहून फार जुनं आहे, निदान तसं वाटतं. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, अन्सारी, ढवळीकरांनी इथली पांढरीची टेकाडं खणली. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 ची वस्ती निघाली आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेले मृत. लहान मुलं दोन कुंभांत, कुंभांची तोंडं एकमेकांना भिडवलेली. मोठी माणसं खड्ड्यात उताणी, आणि घोट्याखालची पावलं तोडून टाकलेली. खणणाऱ्यांचा तर्क असा की मेलेल्याने उठून चालू लागू नये, घरातच राहावं. तेव्हा ती शिक्षा नव्हे, माया किंवा भीती, बहुधा दोन्ही. सरकारने याच खोऱ्यातल्या माणसांना बेडी घातली ती त्यांना घरापासून तोडण्यासाठी.

रस्ते. काळं पाणी अंदमानाच्या आधीचं. 1815 पासून वीसेक वर्षं बंगाल आणि मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला जात आणि तिथे रस्ते बांधत. 1836 मध्ये डार्विन तिथे उतरला, तेव्हा त्याने हे कैदी पाहिले. पांढऱ्याशुभ्र दाढीमिशांची ती रुबाबदार माणसं पाहून हिंदुस्थानचे लोक असे असतील याची आपल्याला कल्पना नव्हती, असं त्याने नोंदवलं. नावं त्याने विचारली नाहीत.

बिल्ला. लाकडी, अंदमानातल्या कैद्याच्या गळ्यात. त्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख, सुटकेची तारीख. सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल होतं 1960. कारकुनाने ते साल लिहिताना हात थांबवला नसणार.

कोलू. आपल्याकडे तेल्याचा घाणा, तिकडे कोलू. इथे बैल फिरायचा, तिथे माणूस, दिवसाला 30 पौंड खोबरेल. घाणा गावांतून गेला. हल्ली शहरात 'लाकडी घाण्याचं तेल' म्हणून बाटल्या मिळतात आणि किंमत बघून डोळे फिरतात.

नैवेद्य. शिरूर म्हणजे घोडनदी, इंग्रजांची जुनी छावणी. तिथे कर्नल वॉलेसची समाधी आहे, 1809 ची. लोक त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर नेत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. गोऱ्या साहेबाला इथल्या मातीत जागा आणि वर घास. त्याच तालुक्यात धाड घालणाऱ्याला अरबस्तानची वाळू. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्यात येऊन मेलेल्याला ते आपलाच धरतात.

कागद. इंग्रजांनी 1788 पासून 1868 पर्यंत आपलेच सुमारे 1,62,000 कैदी ऑस्ट्रेलियात नेऊन सोडले. कैद्यांची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण लिहून ठेवलं. ते दप्तर 2007 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि तिकडची माणसं त्यात आपला चोर पणजोबा हौसेने शोधतात. आपल्याकडे घरातलं कुणी काळ्या पाण्यावर गेलं तर त्याचं नाव पुढच्या पोराला ठेवत नसत. हुतात्मा ठरला तर गोष्ट वेगळी.

कलम. हद्दपारीची जन्मठेप भारतीय दंडविधानातून 1955 च्या दुरुस्तीने काढली. 1 जानेवारी 1956 पासून आजन्म कारावास.

हजेरी. ज्यांना समुद्रापार नेलं नाही त्यांच्यासाठी दुसरी सोय होती. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पुढे कित्येक रामोशी वस्त्यांवर हजेरी लागली. पाटलाला दिसल्याशिवाय, सांगितल्याशिवाय गाव सोडायचं नाही. रात्री गाव राखणाऱ्याच्या वंशजाला आता रात्री गावात असल्याचा पुरावा द्यावा लागे. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. हजेरी दिलेली म्हातारी माणसं आता उरली असतील तर मोजकीच, आणि नातवांना हे सांगायची त्यांना लाज वाटते.

नावं. फडक्यांचं टपाल तिकीट 1984 मध्ये निघालं, मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकाला त्यांचं नाव आहे, ते योग्यच. त्यांच्याबरोबरच्या दौलतराव नाइकांचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत तरी सापडतं, ते मे 1879 मध्ये लढताना पडले. बाकीच्यांना पुस्तकं 'रामोशी' या एका शब्दात उरकतात, अनेकवचनात.