नातीचें बारसें

चैत्रांत वर्धेस आमच्या धाकट्या सुनेस कन्या झाली. बाळ अवघें दीड किलोचें. मुठी घट्ट आवळलेल्या, बोटांवर बोटें चढलेलीं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत रक्त तपासल्यावर कळलें कीं, गुणसूत्रांच्या अठराव्या जोडींत एक सूत्र अधिक आहे. डॉक्टर एडवर्ड्स यांनीं १९६० सालीं वर्णिलेली हीच ती व्याधि. सूत्रांत अक्षरही अधिक नसावें, असें आम्हीं जन्मभर शिकविलें. येथें सूत्रच अधिक!

आम्हीं आयुर्मान विचारिलें. अशीं बहुतेक बाळें एकदोन आठवड्यांतच जातात, शंभरांत ५ ते १० वर्ष ओलांडतात, असें उत्तर मिळालें. गरोदरपणीं ग्रहण पाहिलें असेल, अशी घरीं कुजबुज सुरू झाली. आणि, लिहावयास लाज वाटते, आम्हींही सुनेस तोच प्रश्न केला. वस्तुतः बीजाच्या विभागणींतील ती चूक. बहुधा वंशपरंपरेचीही नव्हे.

बाळास दूध ओढण्याची शक्ति नव्हती. आईचें दूध नळीनें घालावें, उघड्या छातीशीं धरून ऊब द्यावी, एवढें शिकवून त्यास घरीं पाठविलें. सुनेनें तें रात्रंदिवस केलें.

बारावा दिवस आला. "जाणाऱ्या जीवास नांव कशाला?" आमचें कुटुंब म्हणालें.

सून म्हणाली, "मामंजी, मग हाक कशानें मारूं?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पाळणा बांधिला, कानांत नांव सांगितलें. वंशावळीच्या वहींत तें स्वहस्तें लिहिलें. पत्रिका मात्र मांडली नाहीं.

सव्विसाव्या दिवशीं पहाटे, आईच्या छातीवर, ती गेली. कुटुंब तिला नांवानेंच हाक मारीत होतें.