देवळापासून मशिदीपर्यंत

अहमदाबाद म्हणजे फाफडा आणि क्लायंट मीटिंग, एवढंच माहीत असेल तर तिथे एक सकाळ जास्त काढा. मी काढली. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून सकाळी हेरिटेज वॉक निघतो, थेट जामा मशिदीपर्यंत. महापालिका आणि स्वयंसेवकांनी मिळून तो १९९७ मध्ये सुरू केला.

वाटेत पोळी लागतात. पोळ म्हणजे आपल्या पेठेतली आळीच समजा. तोंडाशी दरवाजा, आत चिंचोळे बोळ, कोरीव लाकडी घरं, पक्ष्यांना दाणे टाकायचा चबुतरा आणि काही घरांच्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी! कवी दलपतरामांच्या घराची दर्शनी बाजू पालिकेने पुन्हा उभी केलीय. समोर ब्राँझचे कवी बसलेत. फोटो मस्ट!

मला मात्र शेजारची घरं जास्त भावली, कारण तिथे माणसं राहतात. खरी गोची इथेच आहे. घरं खासगी, वारस अनेक, लाकूडकाम महाग आणि गाडी दारात येत नाही. मग विकून मोकळं व्हावंसं वाटणारच ना? म्हणून वारसायादीतलं घर जपणाऱ्या मालकासाठी टीडीआरची सोय झाली. तो विकून डागडुजीचा खर्च काढता येतो.

२०१७ मध्ये युनेस्कोने हे जुनं शहर जागतिक वारसा यादीत घेतलं. भारतातलं असं पहिलंच शहर. या शिक्क्यामुळे पर्यटक येतात, पण घर टिकतं ते आत कोणीतरी रोज चूल पेटवतं म्हणून.

तेव्हा जा जरूर. फक्त कोणाच्या ओट्यावर पोज देण्याआधी आतल्या बांना विचारा. ते त्यांचं घर आहे.