नाळेतले दान

आपल्या गावाविषयी बोलताना ‘माझी नाळ तिथे पुरली आहे’ असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. भाषेने नाळेला असा मान दिला. प्रसूतिगृहात मात्र ती वारेसकट टाकून दिली जाई. १९८८ साली पॅरिसमध्ये याच टाकाऊ वस्तूतील रक्ताने एका बालकाला जीवदान दिले. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक व्याधीमुळे त्याच्या अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती खुंटत चालली होती. डॉ. एलियान ग्लुकमन यांनी त्याच्या धाकट्या बहिणीच्या जन्मवेळी जपून ठेवलेले नाळेतील रक्त त्याला दिले. त्यातील मूलपेशी त्याच्या हाडांच्या पोकळीत रुजल्या आणि निरोगी रक्त घडवू लागल्या.

मूलपेशी म्हटले, की आपल्यापैकी अनेकांच्या मनात शंका उभी राहते. ती निराधार नाही. १९९८ साली मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या काढण्यात आल्या, आणि त्यासाठी भ्रूणाचा नाश झाला. ख्रिस्तसभेचा विरोध या नाशाला आहे, मूलपेशींना नव्हे. व्हॅटिकनने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिग्नितास पर्सोने’ या लेखात प्रौढांच्या शरीरातून व जन्मसमयी नाळेतून घेतलेल्या मूलपेशींना स्पष्ट संमती दिली आहे.

आमच्या सुनेला सातवा महिना लागला, तेव्हा एका खाजगी रक्तपेढीचा प्रतिनिधी घरी आला. बाळाच्या नाळेतील रक्त गोठवून ठेवा, पुढे मधुमेहापासून स्वमग्नतेपर्यंत सर्वांवर ते कामी येईल, असे त्याचे म्हणणे. ‘नातवंडापेक्षा पैसा मोठा का?’ या त्याच्या प्रश्नाने आम्ही उभयता क्षणभर निरुत्तर झालो. परंतु पॅरिसच्या त्या बालकाला स्वतःच्या नाळेतील रक्त उपयोगी पडले नसते. त्यातही तोच दोष असता. त्याला बहिणीचेच रक्त हवे होते. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांनुसार, काही मान्य रक्तविकार वगळता, मूलपेशींचे बहुतेक उपचार अद्याप चाचणीच्या चौकटीतच आहेत. हे सारे पाहून मुलाने व सुनेने नकार दिला.

सख्ख्या भावंडांत ऊतींचा प्रकार पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. आमच्या आईवडिलांच्या पिढीत घरोघरी सात-आठ भावंडे होती. आज एक किंवा दोन. म्हणजे रक्ताच्या व्याधीने खिळलेल्या मुलाला यापुढे बहुधा परक्याच्याच दारी जावे लागणार. ते दार उघडे ठेवण्यासाठी गालाच्या आतील बाजूवरून फिरवलेला कापसाचा बोळा आणि दात्यांच्या नोंदवहीत एक नाव, एवढे पुरते. पुढे कधी जुळणी झाली, तर बहुधा हाताच्या शिरेतूनच मूलपेशी घेतल्या जातात.

नातीच्या बाप्तिस्म्यानंतर आमच्या मुलाने आपले नाव नोंदवले. त्याला बोलावणे येईल, कदाचित कधीच येणार नाही. आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी मात्र त्याच्यासारखे वाट पाहणाऱ्यांत सामील व्हावे, एवढीच आमची विनंती.