डोक्यातली नीला

आमच्या वर्धा जिल्ह्यात शरीरातल्या कुठल्याही नळीला 'शीर' म्हणतात. पायाची शीर चढते, डोक्याची शीर ठणकते. मी मराठीचा मास्तर. पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांच्या तासालाही जावं लागे. तेव्हा फळ्यावर लिहायचो : हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी, परत आणते ती नीला. काय गोड शब्द आहेत! डोक्यातल्या नीलेशी ओळख मात्र सत्तरी ओलांडल्यावर झाली.

पुतणी बाळंत झाली, एप्रिलच्या उन्हात. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, नाहीतर पोट सुटतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. बाराव्या दिवशी तिचं डोकं दुखू लागलं. 'वारं लागलं' म्हणून बायांनी कानाला फडकं बांधलं. दोन दिवसांनी उजवा हात झटके देऊ लागला तेव्हा गाडी काढली.

एमआरआयसोबत व्हेनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी मला चित्र दाखवलं. वाहतं रक्त पांढरं दिसतं. कवटीच्या आत, कपाळापासून थेट मागे जाणारी मोठी वाट असते, सुपिरिअर सॅजिटल सायनस. मेंदूच्या वरच्या भागातल्या नीला तिला येऊन मिळतात. पुतणीच्या चित्रात ही वाट मधेच पुसल्यासारखी दिसत होती. तिथे गुठळी होती. आमच्या हिंगणघाटला वणा नदीला पूर आला की नाल्यांचं पाणी उलटं फिरून शेतात शिरतं, तसंच. रक्त मागे तुंबतं, मेंदू सुजतो, कधी रक्तस्रावही होतो.

हातापायात नीला बहुधा रोहिणीच्या सोबतीने चालते. मेंदूत ती आपल्या वेगळ्याच वाटेने जाते. तिच्या भिंती पातळ, त्यात स्नायू नाहीत, आत झडपाही नाहीत. औषध टोचून सीटी काढला तर या वाटेचा छेद त्रिकोणी दिसतो, आणि गुठळी असेल तर कडा पांढऱ्या नि मधला भाग काळपट. त्याला 'एम्प्टी डेल्टा' म्हणतात. गंमत अशी, की डावीकडची आडवी वाट पुष्कळांची जन्मतःच बारीक असते. ती फिकट दिसली म्हणून लगेच गुठळी म्हणायचं नसतं. इतर चित्रं पडताळावी लागतात.

खोलवर आणखी एक आहे, गॅलनची नीला. जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांब. गॅलन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. त्याने फाडली ती मुख्यत्वे जनावरं, तरी नाव माणसाच्या मेंदूत राहिलं. ती तुंबली तर मेंदूचा गाभा दोन्हीकडून सुजतो. आमच्या पोरीची ती वाहती होती.

उपचार ऐकून माझा भाऊ चिडलाच. चित्रात थोडा रक्तस्राव दिसतोय आणि हे रक्त पातळ करणारं हेपॅरिन देतात! बाईंनी शांतपणे सांगितलं, "काका, तुंबलंय म्हणून फुटलंय. तुंबणं आधी सोडवायचं." मला ते पटलं, भावाला दोन दिवसांनी पटलं, तोवर ती हात हलवू लागली होती.

1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज सुरू केलं, तेव्हा असं चित्र काढणारं यंत्र जगात कुठेच नव्हतं. माझ्या आईच्या पिढीत अशा बाळंतिणीला 'बाळंतवात' झाला म्हणत, नि मग मूल मावशीकडे वाढे. अशी दोन घरं मला माहीत आहेत.

सहा महिन्यांनी पुन्हा व्हेनोग्राफी केली. वाट बरीचशी उघडली आहे, मागे एक फिकट पट्टा उरलाय. फिट्सची गोळी अजून चालू आहे. पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी असतो. तो भरून ठेवायचं काम वहिनीने स्वतःकडे घेतलंय.